फुटलेली साक्ष आणि कूपर्सटाउनचा उंबरठा

बेसबॉलपटू बॅरी बाँड्सने ७६२ होमरन मारले. फटकावलेला चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला की होमरन. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये आजवर इतके कोणाच्याच नावावर नाहीत. २००१च्या एकाच हंगामात ७३, तोही विक्रम. सर्वोत्तम खेळाडूचा मान सात वेळा. तरीही न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावी, जिथे या खेळातल्या थोरांचे ब्राँझचे फलक लागतात त्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, त्याचा फलक नाही. २०२२मध्ये, मतपत्रिकेवरच्या दहाव्या आणि अखेरच्या वर्षी, बेसबॉल लेखकांची ६६ टक्के मते त्याला पडली. लागतात ७५.

त्याच मतदानात डेव्हिड ऑर्टिझ ७७.९ टक्के मते घेऊन पहिल्याच वर्षी आत गेला. दोघांच्याही नावाला उत्तेजकांचा डाग चिकटला तो गुप्त ठेवलेली कागदपत्रे फुटल्यामुळे. पण दोन गळत्यांमध्ये मोठे अंतर आहे, आणि जुन्या खेळाडूंचे माप घेताना ते पुसले जाते.

पहिली गळती ‘बाल्को’ प्रकरणातली. सप्टेंबर २००३मध्ये केंद्रीय तपास अधिकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बर्लिंगेममधल्या या कंपनीवर छापा घातला. चाचणीत न सापडणारे स्टेरॉइड इथून खेळाडूंपर्यंत जात होते. मग ग्रँड ज्युरीपुढे साक्षी झाल्या. खटला भरण्याइतका पुरावा आहे का, हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या या मंडळाचे काम बंद दाराआड चालते. साक्षीदाराने न भिता बोलावे आणि ज्याच्यावर आरोपच येणार नाही त्याची अब्रू जाऊ नये, म्हणून. बाँड्सने ४ डिसेंबर २००३ला साक्ष दिली: प्रशिक्षकाने दिलेले मलम आणि द्रव वापरले, पण सांधेदुखीचे मलम आणि जवसाचे तेल समजून. वर्षभराने ही साक्ष ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’मध्ये छापून आली.

मार्क फायनारू-वाडा आणि लान्स विल्यम्स या बातमीदारांनी साक्ष आपल्याला कोणी पुरवली ते सांगायला नकार दिला. न्यायाधीशांनी दीड वर्षापर्यंतची कैद सुनावली, तरी त्यांनी तोंड उघडले नाही. फेब्रुवारी २००७मध्ये उलगडा झाला. ट्रॉय एलरमन या बाल्को खटल्यातल्या बचाव पक्षाच्याच वकिलाने बातमीदाराला साक्षींच्या प्रती पाहू दिल्या होत्या. इतकेच असते तर त्याची बाजू घेणारे भेटले असते. पण ऑक्टोबर २००४मध्ये याच वकिलाने न्यायालयात अर्ज केला होता की सरकारकडून गळती होते आहे, त्यामुळे खटलाच रद्द करा. पुढच्याच महिन्यात त्याने पुन्हा प्रती उघडल्या. त्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली. बातमीदारांना तुरुंगात जावे लागले नाही.

बातमी खरी होती आणि तिचा उपयोगही झाला. २००५ संपण्याआधी पहिल्याच दोषाला ५० सामन्यांची बंदी ठरली. बातमीदारांचे मौन मला मनापासून पटते. वकिलाचे वागणे मुळीच पटत नाही. लोकांसाठी गुपित फोडणाऱ्याने त्याचा धोका स्वतः पत्करायचा असतो; याने तो दुसऱ्यावर ढकलला.

दुसरी गळती मला अधिक अस्वस्थ करते. २००३मध्ये खेळाडू संघटनेने चाचणीला होकार दिला तो नावे गुप्त राहतील या अटीवर. पाच टक्क्यांहून अधिक नमुने सदोष निघाले तर पुढच्या वर्षापासून शिक्षेसह चाचण्या, एवढाच त्या मोजणीचा हेतू. एप्रिल २००४मध्ये तपास अधिकारी चाचणी कंपनीत गेले. वॉरंट दहा खेळाडूंच्या नोंदींपुरते होते. हाती लागली १०४ नावांची यादी. ही जप्ती बेकायदा होती, असे अपील न्यायालयाने २००९मध्ये ठरवले. तोवर अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ, सॅमी सोसा, मॅनी रामिरेझ आणि ऑर्टिझ ही नावे वृत्तपत्रे-नियतकालिकांत येऊन गेली होती. उरलेली बहुतेक नावे अजून झाकलेली आहेत. पुढे २०१६मध्ये बेसबॉलचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनीच सांगितले की त्यातले दहाहून अधिक निष्कर्ष वादग्रस्त होते.

शब्द देऊन घेतलेला नमुना, बेकायदा उचललेली यादी आणि तिच्यातून वेचून फोडलेली नावे. यावर कोणाचीही कारकीर्द तोलू नये, असे मी ठामपणे म्हणेन. ऑर्टिझला मत देणाऱ्यांनी ती बाजूला ठेवली, हे बरेच झाले. पण ६०९ होमरनवाल्या सोसाला, त्याच यादीतल्या त्याच मोसमातल्या नावाला, २०२२मध्ये १८.५ टक्के मते पडली. सोसाच्या विरोधात इतरही मुद्दे आहेत. मात्र यादीचा उल्लेख होतो तेव्हा तो त्याच्या नावापुढे पुरावा ठरतो आणि ऑर्टिझच्या नावापुढे अफवा.

बाँड्सचे तसे नाही. त्याची साक्ष त्याच्याच तोंडची आहे. न्यायात अडथळा आणल्याबद्दल २०११मध्ये तो दोषी ठरला, २०१५मध्ये तो निकालही रद्द झाला. साक्ष मात्र उरली. मग ती नीट वाचावी. ज्या बातमीदारांनी ती छापली, त्यांच्याच पुस्तकाप्रमाणे बाँड्स स्टेरॉइडकडे वळला तो १९९८च्या हंगामानंतर. त्या हंगामाच्या अखेरीस त्याचे ४११ होमरन आणि ४४५ चोरलेले बेस (चेंडू न फटकावता धावत गाठलेले पुढचे टप्पे) होते; दोन्हींत चारशे गाठणारा तो पहिला खेळाडू. सर्वोत्तम खेळाडूचा मान तोवर तीनदा मिळाला होता. गळतीवर विश्वास ठेवून बाँड्सला नाकारणाऱ्या मतदाराने त्याच बातमीदारांनी दिलेली ही तारीखही मानायला हवी.

डिसेंबर २०२२मध्ये हॉल ऑफ फेमच्याच सोळा जणांच्या समितीपुढे त्याचे नाव पुन्हा आले. फ्रेड मॅकग्रिफला सोळाच्या सोळा मते पडली. बाँड्सला चारसुद्धा नाहीत.