आधी दस्ता, मग रायफल

इंग्रजीत 'लॉक, स्टॉक अँड बॅरल' असा एक वाक्प्रचार आहे. अर्थ असा की सगळंच्या सगळं, काहीही मागे न ठेवता. परीक्षेसाठी आपण तो पाठ करतो, पण तो आलाय थेट बंदुकीतून. लॉक म्हणजे बार उडवणारी यंत्रणा, बॅरल म्हणजे नळी आणि स्टॉक म्हणजे दस्ता. हे तीन भाग जमले की बंदूक पुरी होते. आपला 'दस्ता' हा शब्द मुळात फारसी. 'दस्त' म्हणजे हात, म्हणून दस्ता म्हणजे हाताने धरायचा भाग. आपल्या आदिलाबादेत दखनी बोलणाऱ्या घरांत खलबत्त्याला हमामदस्ता म्हणतात, त्यातला दस्ताही हाच.

मित्रमैत्रिणींनो, रायफल विकत घ्यायची म्हटलं की सगळे नळीबद्दल बोलतात. कंपनी कोणती, नेम किती अचूक, वगैरे. दस्त्याबद्दल कुणी विचारत नाही. पण माणसाचं शरीर नळीला लागतच नाही. खांदा, गाल आणि हात हे तिन्ही दस्त्याला लागतात. म्हणून कोणती रायफल घ्यायची हे पुष्कळदा नळी ठरवत नाही. तिच्यासाठी कोणता दस्ता मिळतो, कुठे मिळतो आणि केवढ्याला मिळतो, यावर ते ठरतं.

एनसीसीत गेलेल्यांना हे लगेच पटेल. आपली पॉइंट २२ डीलक्स रायफल ४३ इंच लांब आणि ६ पौंड २ औंस वजनाची. ही आकडेवारी प्रत्येक कॅडेटला तोंडपाठ असते. पण पावणेसहा फुटांचा मुलगा आणि पाच फुटांची मुलगी दोघं तीच रायफल उचलतात. मुलाला दस्ता आखूड पडतो, मुलीला लांब. मुलीचं बोट चापापर्यंत नीट पोचत नाही. ते पोचावं म्हणून ती मान पुढे ताणते आणि खांदा वाकडा करते. मग गोळी डावीकडे जाते आणि सगळे म्हणतात, "हिला नेमबाजी जमत नाही." खरं तर तिला जमत नाही असं नसतं, तो दस्ता तिच्या मापाचा नसतो.

माप बघायची जुनी, सोपी रीत आहे. रायफल रिकामी आहे याची आधी खात्री करायची, नळी सुरक्षित दिशेला ठेवायची. मग कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवायचं आणि मूठ धरायची. तर्जनीचं पहिलं पेर आरामात चापापर्यंत गेलं तर दस्ता साधारण आपल्या मापाचा. पुढे कपडे, जॅकेट आणि उभं राहायची पद्धत यांनी थोडाफार फरक पडतो. पण सुरुवात इथून करायची.

गंमत म्हणजे जुन्या लष्कराला हे माहीत होतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आणि हिंदी सैन्याच्या हातात ली-एन्फील्ड रायफल होती. तिच्या दस्त्याचा मागचा भाग वेगळा असतो आणि तो एका लांब बोल्टने मुख्य यंत्रणेला जोडलेला असतो. हे मागचे तुकडे लांब, मध्यम आणि आखूड अशा मापांत यायचे. एकमेकांत फरक अर्ध्या-अर्ध्या इंचाचा, आणि ओळखायला लाकडावर इंग्रजी अक्षर ठोकलेलं. सैनिक उंच असेल तर आर्मरर मागचा तुकडा बदलून द्यायचा. रायफल तीच राहायची, माप बदलायचं. माउझर जातीच्या रायफलला मात्र पूर्ण दस्ता एकाच लाकडाचा, त्यामुळे तिथे अशी सोय नाही. म्हणजे दस्ता बदलता येतो की नाही, हे रायफल बनते तेव्हाच ठरून जातं.

आता बाजाराकडे या. अमेरिकेत रुगर १०/२२ ही छोटी रायफल १९६४ साली आली आणि रेमिंग्टन ७०० त्याच्या दोन वर्षं आधी. दोन्ही इतक्या खपल्या की दुसऱ्या कंपन्यांनी फक्त त्यांच्यासाठी दस्ते बनवायला सुरुवात केली. लाकडी, फायबरचे, अॅल्युमिनियमचे, स्वस्त आणि महाग, सगळे. मग उलटं चक्र सुरू झालं. दस्ते भरपूर मिळतात म्हणून लोक तीच रायफल घेऊ लागले, आणि लोक तीच घेतात म्हणून दस्ते आणखी निघाले. एखादी दुसरी रायफल कितीही चांगली असली तरी तिचा दस्ता मिळत नसेल, तर गिऱ्हाईक दहा वेळा विचार करतं.

ऑलिंपिक नेमबाजीतही तेच. जर्मनीतल्या उल्म शहरातल्या आन्शुट्झ कंपनीची 'मॅच ५४' ही यंत्रणा १९५० च्या दशकापासून चालत आलीय. तिच्यात बसणारे दस्ते स्वतः आन्शुट्झ बनवते, शिवाय डॉर्टमुंडच्या एमईसीसारखे इतरही बनवतात. म्हणून वीस-तीस वर्षं जुनी आन्शुट्झ आजही विकली जाते. जुनी यंत्रणा घ्यायची आणि तिला नवा दस्ता चढवायचा.

हा बदलता दस्ता लागतो कशाला, हे समजायला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेकडे बघा. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये त्याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. थ्री पोझिशन म्हणजे आधी गुडघ्यावर, मग पोटावर झोपून आणि शेवटी उभं राहून नेम धरायचा. तिन्ही वेळा मान, गाल आणि खांद्याची जागा वेगळी असते. म्हणून खेळाडू मधल्या वेळात गालपट्टी वर-खाली करतो, खांद्याची पट्टी सरकवतो, पुढच्या हाताचा टेकू हलवतो. एकाच लाकडातून कोरलेल्या साध्या दस्त्यावर हा खेळ त्या पातळीवर खेळताच येणार नाही.

भारतात मात्र हे चक्र फिरत नाही, कारण बाजारच अरुंद आहे. १९८० च्या दशकात सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी बंदुकांची आयात बंद झाली. तेव्हापासून ज्याला रायफल हवी त्याच्यापुढे बहुतेक वेळा पश्चिम बंगालमधल्या इशापूर कारखान्याची पॉइंट ३१५ रायफल असायची. तीही ली-एन्फील्डच्याच वंशातली. तिच्यासोबत जो दस्ता येईल तो घ्यायचा, निवड अशी नाहीच. परदेशी रायफल आणायची वाट मुख्यतः नावाजलेल्या नेमबाजांसाठी उघडी राहिली. पण नाव होण्याआधी माणसाने कशावर सराव करायचा, हा प्रश्न तसाच राहतो.

सुदैवाने सुरुवात करायला एक दार उघडं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद नसलेली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. १० मीटर नेमबाजीची रायफल यातच बसते. तिथे लक्ष्याचा मधला ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि रायफलचं वजन साडेपाच किलोच्या वर चालत नाही. अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीतून नेमबाजीत आल्या आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात अंतिम फेरीत पोचल्या. म्हणजे कॉलेजच्या मैदानातून तिथवर रस्ता जातो.

आता समजा, बेला किंवा जैनदकडची कापूस पिकवणाऱ्या घरातली एक मुलगी आहे. उंची पाच फूट. एनसीसीत तिचा नेम सरांच्या डोळ्यांत भरला. घरचे म्हणतात, "घेऊ या बाई, पण कोणती?" तिच्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली वाट देशी एअर रायफलची. महाराष्ट्रातली प्रेसिहोल आणि तिच्यासारख्या आणखी कंपन्या आहेत. किंमत आवाक्यात, दुरुस्ती जवळ. पण विकत घेण्याआधी विचारायचं की गालपट्टी हलते का, दस्त्याची लांबी कमी-जास्त होते का. होत नसेल तर स्वस्त रायफल पुढे महागात पडते, कारण वाकडी बसलेली मान सुधारायला वर्षं जातात.

दुसरी वाट नव्या परदेशी रायफलची. वॉल्थर कंपनी आपली एलजी ४०० ही एअर रायफल लाकडी दस्त्यातही देते आणि सगळीकडून जुळवता येणाऱ्या अॅल्युमिनियमच्या दस्त्यातही. यंत्रणा एकाच घराण्यातली, किमतीतला बराचसा फरक दस्त्याचा. मोह असा होतो की आत्ता लाकडी घेऊ, दस्ता पुढे बदलू. पण सुटा दस्ता बाहेरून मागवायचा तर किंमत, वाहतूक, जकात आणि महिनोन्‌महिने वाट बघणं हे सगळं आलं. म्हणून आपल्याकडे जाणती माणसं सांगतात की शक्य असेल तर जुळवता येणारा दस्ता पहिल्याच दिवशी घ्या. ज्या देशात सुटा दस्ता सहज मिळतो, तिथे हा सल्ला कदाचित उलटा असेल.

तिसरी वाट जुन्या रायफलची. इथे नजर फक्त नळीवर ठेवायची नाही. दस्त्याचे स्क्रू फिरतात का, गालपट्टी घट्ट बसते का, हवेच्या सिलेंडरवरची मुदत संपलीय का, हे बघायचं. आणि रेंजवर बाकीचे जी रायफल वापरतात तीच घेतलेली बरी. सुटा भाग लागला तर कुणाकडे तरी मिळतो, आणि विकायची वेळ आली तर गिऱ्हाईकही मिळतं. आपल्याला हैदराबाद ३०० किलोमीटर आणि नागपूर २०० किलोमीटर. एका स्क्रूसाठी तेवढा प्रवास परवडत नाही.

लाकूड की अॅल्युमिनियम, याचंही उत्तर आपल्या हवेत आहे. मे महिन्यात आपल्याकडे अंग भाजतं, पावसाळ्यात भिंतीला ओल येते, आणि थंडीत तेलंगणातला सगळ्यात कमी पारा बहुधा आदिलाबादचाच असतो. लाकूड ओल पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. त्यामुळे यंत्रणेवरचा दाब बदलतो आणि कालचा नेम आज हलतो. अॅल्युमिनियम फुगत नाही. पण ते घेताना वजन बघायला हवं, कारण साडेपाच किलोची मुभा आहे म्हणून पंचेचाळीस किलोच्या मुलीने पूर्ण साडेपाच किलो उचलायचं असं नाही.

कुणी म्हणेल, आपल्याकडे इतके सुतार आहेत, निर्मळची खेळणी जगभर जातात, दस्ता इथेच का करून घेऊ नये? निर्मळच्या खेळण्यांचं पोनिकी लाकूड हलकं आणि मऊ असतं, म्हणूनच ते इतकं छान कोरलं जातं. दस्त्याला अक्रोड किंवा बीचसारखं टणक, नीट वाळवलेलं लाकूड लागतं. मात्र एअर रायफलच्या दस्त्यामागे लावायच्या लाकडी चकत्या आपला सुतार सहज करून देईल. तेवढ्यानेही आखूड दस्ता उंच मुलाच्या मापाला येतो. परवान्याच्या बंदुकीला मात्र घरी हात लावायचा नाही, तिथे परवानाधारक कारागीरच हवा.

हे सगळं कॉलेजलाही लागू आहे. क्रीडा विभागाकडे थोडे पैसे असले की साध्या दस्त्याच्या तीन रायफली घ्याव्यात असं वाटतं, कारण तीन हा आकडा अहवालात बरा दिसतो. पण त्या तिन्ही एकाच मापाच्या शरीराला बसतील, आणि ते शरीर बहुधा मुलाचं असेल. त्याच पैशांत चांगल्या जुळवता येणाऱ्या दस्त्याची एक रायफल आली तर तीवर दहा जण शिकतात. सोबत फक्त एक वही ठेवायची. प्रत्येकाच्या नावापुढे गालपट्टीची खूण, खांद्याच्या पट्टीची खूण आणि तारीख लिहायची. पुढच्या वेळी दोन मिनिटांत रायफल तिच्या मापाची होते, आणि पाच फुटांच्या मुलीला मान ताणावी लागत नाही.