नंबर लागेपर्यंतचे दिवस

सीईटीचे पर्सेंटाइल हाती आलेले असतात. ऑप्शन फॉर्म भरून झालेला असतो. आता फक्त जागावाटपाची यादी लागायची बाकी असते. यादी संध्याकाळी लागणार हे ठाऊक असूनही वडील ऑफिसात दर अर्ध्या तासाने मोबाइलवर संकेतस्थळ उघडून बघतात. आई गेल्या वर्षीचे कटऑफ पुन्हा पुन्हा वाचते. रात्री दोघांनाही झोप लागत नाही. तेवढ्यात काकांचा फोन येतो, ‘काय, कुठे लागला नंबर?’ मुलगी उठून आतल्या खोलीत निघून जाते.

अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय अशा अभ्यासक्रमांच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे ‘कॅप’मध्ये, दर पावसाळ्यात राज्यातल्या असंख्य घरांत हेच घडते. मुलांच्या ताणाबद्दल बोलले जाते, समुपदेशनही होते. पालकांच्या ताणाकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही, त्यांचे स्वतःचेही नाही.

या ताणाचे मूळ वाईट निकालापेक्षा अनिश्चिततेत जास्त असते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात ४५ जणांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला होता. दगडाखाली साप आहे की नाही, हे ओळखायचे. साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक झटका बसे. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार मोजून ताणाचा अंदाज घेतला गेला. झटका नक्की बसणार हे माहीत असताना ताण सर्वाधिक असेल असे वाटते. प्रत्यक्षात तो सर्वाधिक होता, शक्यता निम्मी-निम्मी असताना. ‘मिळेलही, नाहीही मिळणार’ या टप्प्यावर असलेल्या पालकांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

त्यात पर्सेंटाइलचा घोळ असतो. ९८ टक्के गुण आणि ९८ पर्सेंटाइल या वेगळ्या गोष्टी आहेत. पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी किती टक्के मुले आपल्या बरोबरीने किंवा मागे आहेत, याचा आकडा. चार लाख मुले बसलेल्या परीक्षेत ९८ पर्सेंटाइल मिळाले, तर साधारण आठ हजार मुले पुढे असतात. नावाजलेल्या सरकारी महाविद्यालयात संगणक शाखेच्या जागा तुलनेने मोजक्याच. ‘एवढे चांगले मार्क असून कसे मिळाले नाही?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा या गणितात असते. मुलीने कमी अभ्यास केला किंवा आई-वडिलांनी चुकीचा क्लास लावला, असा त्याचा अर्थ होत नाही.

मन बेचैन असले की शरीरही गप्प बसत नाही. ताणात अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, यकृतातून जादा साखर रक्तात येते. बारावीच्या मुलांचे पालक बहुतेक पंचेचाळिशी-पन्नाशीचे असतात. याच वयात अनेकांना मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी सुरू झालेली असते. प्रवेशाच्या धावपळीत ती चुकते, जेवणाच्या वेळा बिघडतात, फिरणे बंद होते. मग पित्त, डोकेदुखी, चिडचिड सुरू होते. नेमक्या याच काळात पथ्यपाणी जास्त सांभाळायला हवे.

वाट पाहण्यावर काही उपाय आहे का? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील मानसशास्त्रज्ञ केट स्विनी यांनी वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची चार महिने वाट पाहणाऱ्या पदवीधरांचा अभ्यास केला. मन दुसरीकडे वळवणे, भावना दाबणे, आधीच चांगली बाजू शोधून ठेवणे, यांपैकी कशानेच ताण फारसा कमी झाला नाही. उलट ज्यांनी काळजी करत दिवस काढले, त्यांनी पुढे आलेली बातमी, मग ती वाईट असो वा चांगली, जास्त नीट पेलली. म्हणजे काळजी वाटणे हा दुबळेपणा नाही. पुढच्या अभ्यासात एक गोष्ट उपयोगी दिसली. हात आणि डोके दोन्ही गुंतून जातील, वेळेचे भान राहणार नाही असे काम. नुसता टीव्ही लावून बसण्याने ते साधत नाही. बागकाम, शिवण, पेटीवर गाणे बसवणे, एखादी बिघडलेली वस्तू खोलून दुरुस्त करणे, ज्याला जे जमेल ते.

घरात काही साध्या गोष्टी आधीच ठरवता येतात. संकेतस्थळ बघायची दिवसातली एक-दोनच वेळ ठरवावी. नातेवाइकांचे फोन एकाने घ्यावेत आणि ‘प्रक्रिया चालू आहे, झाले की कळवू’ एवढेच सांगावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यादी लागण्यापूर्वीच, शांतपणे, मुलांना सोबत घेऊन पुढचे पर्याय कागदावर लिहावेत. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय नाही मिळाले तर काय, शाखा महत्त्वाची की महाविद्यालय, वसतिगृहाचा खर्च झेपेल का. कोणत्या फेरीत कितव्या पसंतीपर्यंतची जागा स्वीकारणे बंधनकारक आहे, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचून घ्यावे, कारण नियम बदलतात. अर्धवट माहितीने रात्रीची झोप जाते आणि घाईत निर्णयही चुकतो.

मनासारखे झाले नाही, तर पहिल्या दिवशी दुःख होणारच. ते लपवायची गरज नाही. पण पालकांचा चेहरा मुले फार बारकाईने वाचतात. ‘आम्ही तुझ्यासाठी काय काय केले’ हे वाक्य त्या दिवशी टाळावे. ‘आम्हालाही वाईट वाटतंय, पण तुझ्यावर राग नाही’ एवढे स्पष्ट सांगितले तरी मुलांच्या मनावरचे मोठे ओझे उतरते. अपयशाचे दुःख किती काळ टिकेल, याचा माणसाचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील प्राध्यापकांच्या बाबतीत हे दाखवून दिले. कायम नेमणूक नाकारली गेली, तर आपण किती दुःखी असू याचा त्यांनी केलेला अंदाज, नकार मिळालेल्यांच्या प्रत्यक्ष स्थितीपेक्षा बराच काळा होता.

मात्र मुलगा किंवा मुलगी दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहिली, जेवण-झोप बिघडली, मित्रमैत्रिणींना भेटणे सोडले किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागली, तर ‘होईल सगळे ठीक’ म्हणून थांबू नये. मरणाचा उल्लेख आला तर एक दिवसही थांबू नये, एकटे सोडू नये आणि तातडीने डॉक्टरांना गाठावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक पालकांसाठीही आहे.

यादी लागते, प्रवेश होतो, ऑगस्ट-सप्टेंबरात वर्ग सुरू होतात. त्यानंतर नंबर कुठे लागला होता हे काका विसरून जातात. यादी लागली त्या संध्याकाळी घरात आपल्याशी कोण कसे बोलले, हे मात्र मुलांच्या लक्षात राहते.