बॅटरीवर जगणारा डाव

नव्वदीतल्या टीव्हीवरच्या व्हिडिओ गेमवर लिहा, असं संपादकांनी दिवाळी अंकासाठी सांगितलं. त्यांच्या मनात मारिओ आणि काँट्रा होते. माझ्या मनात आले ते कॅसेटच्या यादीतले, आपण सगळ्यांनी ओलांडून पुढे गेलेले गेम. ‘चौसष्ट इन वन’सारख्या कॅसेटमध्ये ‘माहजाँग’ नावाचा एक गेम असे. चुकून तो लागलाच, तर पडद्यावर चिनी चिन्हांच्या सोंगट्यांची रांग यायची. कोणतं बटण दाबलं की काय होतं, हे कळायच्या आत कुणीतरी रिसेट दाबायचं.

हा गेम निन्तेन्दोने २७ ऑगस्ट १९८३ रोजी काढला. त्याचं यंत्र, म्हणजे फॅमिकॉम, त्याच वर्षी १५ जुलैला १४,८०० येनला बाजारात आलं होतं. मासायुकी उएमुरा यांनी ते घडवलं. कंपनी मूळची क्योतोतली, १८८९ पासून हानाफुदा नावाचे पत्ते बनवणारी. त्यामुळे पट आणि पत्ते तिच्या रक्तातच होते.

आपल्या घरांत आलं ते यंत्र बहुतेकदा नक्कल होतं. मीडिया, लिटल मास्टर अशी नावं आजही लोकांना आठवतात. टीव्हीची अँटेनाची पिन काढायची, गेमची वायर लावायची आणि चॅनल जुळवत बसायचं. आपल्या औरंगाबादेत तो टीव्ही कित्येक घरी व्हिडिओकॉनचा असे, कारण पैठण रस्त्यावरच्या चितेगावला त्यांचा कारखानाच होता. त्या टीव्हीलाही तोशिबाच्या तंत्राची जोड होती, म्हणजे जपान दोन्ही बाजूंनी घरात शिरलं होतं. फरक एवढाच की जपानी टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवी आणि आपला पाल पद्धतीचा पन्नास. पालसाठी बनवलेल्या नकली यंत्रांवर गेम सुमारे सहाव्या हिश्शाने संथ चाले. मारिओचं जे संगीत आपल्या कानात बसलंय, ते जपानी मुलांनी ऐकलेल्या संगीतापेक्षा सावकाश आहे.

पण मला खिळवून ठेवलं ते अस्सल जपानी कॅसेटच्या पोटातल्या एका वस्तूने. आपल्याकडच्या स्वस्त कॅसेट उघडल्या, की आत पट्टीवर डांबरासारखा काळा थेंब दिसतो. चिप त्याखाली असते. खालच्या कडेला साठ पिनांची किनार असते आणि काळी पडली, की खोडरबराने घासून साफ होते. जपानी कॅसेटमधल्या काहींत मात्र याशिवाय एक गोल, चपटी, तीन व्होल्टची बॅटरी असते. तिला पत्र्याच्या दोन पट्ट्या जोडून त्या थेट सर्किटवर डागलेल्या असतात. शेजारी आठ किलोबाइटची स्मृती. यंत्र बंद झालं, की ही बॅटरी सूक्ष्म प्रवाह देत त्या स्मृतीला जागं ठेवते. खेळाडूने साठवलेला डाव म्हणजे तिचा अखंड पहारा.

फॅमिकॉमच्या कॅसेटमध्ये ही सोय पहिल्यांदा आणणारा गेम मारामारीचा नव्हता. काझुरो मोरिता यांच्या शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या, १९८७ सालच्या कॅसेटमध्ये ती आली. हे मला फार योग्य वाटतं. उड्या मारणाऱ्या गेमला कालचं काही आठवावं लागत नाही. पटावरच्या खेळाला, राज्य चालवण्याच्या खेळाला आणि माणसं जोडण्याच्या खेळाला आठवण हाच प्राण असतो.

राज्य चालवण्याच्या खेळांचा मान कोएई कंपनीचा. योइची एरिकावा यांनी ती १९७८ मध्ये आशिकागा गावात सुरू केली, धंदा रंगद्रव्यांचा होता. पत्नी केइको यांनी वाढदिवसाला दिलेल्या संगणकावर ते प्रोग्राम लिहायला शिकले आणि १९८३ मध्ये ‘नोबुनागाची महत्त्वाकांक्षा’ आला. त्यात तलवारीपेक्षा सारा, तांदूळ, बंधारे आणि रयतेची निष्ठा यांचा हिशेब जास्त. कर चढवला तर रयत बिथरते, बंधाऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर पुराची धास्ती. ज्याच्या नावाचा हा खेळ, तो जपानी सरदार ओदा नोबुनागा १५८२ मध्ये मरण पावला. तो आणि मलिक अंबर एकाच काळातले. ज्या शहराची मुळं अंबरच्या खडकीत आणि त्याच्या नहरीत आहेत, तिथल्या माणसाला हा खेळ परका वाटू नये. मराठीत असता तर आमच्या पिढीने सुट्ट्या त्यातच घालवल्या असत्या, असं मला मनापासून वाटतं.

केइको एरिकावा यांनी पुढे मुलींसाठी गेम करायचं ठरवलं. त्यासाठी रुबी पार्टी हा गट उभा राहिला आणि १९९४ मध्ये ‘आंजेलिक’ आला. त्यात नायिका राणीपदाची उमेदवार, आणि आपला प्रदेश वाढवता वाढवता ती पालक-रक्षकांशी जीव जोडते. त्याच वर्षी कोनामीने ‘तोकिमेकी मेमोरियल’ काढला. शाळेची तीन वर्षं अभ्यास, खेळ, राहणी आणि मैत्री सांभाळायची, शेवटी शाळा संपण्याच्या दिवशी एका झाडाखाली मैत्रीण मनातलं सांगते. यातली खुबी अशी की एखाद्या मैत्रिणीला फार काळ विसरलात, तर तिच्या नावापुढे बॉम्ब येतो. तो फुटला की सगळ्याच मुलींच्या नजरेतून तुम्ही उतरता. दुर्लक्षाची अशी किंमत मागणारा गेम मी दुसरा पाहिला नाही. त्याची पहिली आवृत्ती इंग्रजीत अधिकृतपणे कधीच निघाली नाही.

संग्राहक आता हेच दुर्लक्षित गेम मागवतात, आणि खरा त्रास तिथून सुरू होतो. जपानचा अडाप्टर १०० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट खुपसला तर जळतो, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. चित्र दाखवायला जुना टीव्ही हवा, तर चितेगावचे जड संच बहुतेक भंगारात गेलेत आणि व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बऱ्याच जपानी बॅटरीवाल्या कॅसेट खेळाडूला बजावतात, की रिसेट दाबून धरूनच यंत्र बंद करा. नाहीतर बंद होताना स्मृतीत भलतंच लिहिलं जातं. लोडशेडिंगच्या वर्षांत मराठवाड्यात हे खेळ खेळले गेले असते, तर किती राज्यं एका क्षणात बुडाली असती!

त्या बॅटऱ्या आता चाळिशीकडे झुकल्यात. मेलेली बॅटरी बदलणं सोपं. जिवंत असताना बदलणं कौशल्याचं, कारण जुनी काढताच साठवलेला डाव पुसला जातो. जाणकार आधी दुसरा तीन व्होल्टचा पुरवठा समांतर जोडतात, मग जुनी डागणी सोडवतात. हात हलला किंवा पट्ट्या एकमेकींना लागल्या, की कुणा अनोळखी जपानी मुलाचं १९८८ सालचं राज्य गेलं. पैठण गेटला मोबाइलच्या बोर्डांवर सूक्ष्म डाग देणाऱ्या हातांना हे काम अवघड नाही, फक्त त्यांच्यापर्यंत या कॅसेट पोहोचायला हव्यात.

डिस्कवर आलेल्या गेमची गत आणखी वाईट. फॅमिकॉमच्या डिस्क ड्राइव्हमधला रबरी पट्टा वितळून चिकट होतो आणि ड्राइव्ह फिरेनासा होतो. पट्टा बदलता येतो. पण १९८७ च्या ‘नाकायामा मिहोचा तोकिमेकी हायस्कूल’चं काय करायचं? निन्तेन्दो आणि स्क्वेअरच्या या गेममध्ये पडद्यावर दूरध्वनी क्रमांक यायचे. खरा फोन लावून अभिनेत्री मिहो नाकायामा यांचा आवाज ऐकायचा आणि मिळालेल्या माहितीवर पुढे जायचं. डिस्क कितीही जपली, तरी तिचा अर्धा गेम त्या फोनवर होता. त्या सेवा केव्हाच बंद झाल्या आणि मिहो नाकायामा डिसेंबर २०२४ मध्ये गेल्या.