मेलेल्या शेवाळाचें देणें

देवाचीं फुलें दोन-तीन दिवस पाण्यांतच राहिलीं, तर तें पाणी गढूळ होऊन त्यास दुर्गंधि सुटते, हा आपल्या सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. शेवाळानें हिरव्या झालेल्या तळ्यांतहि मोठ्या प्रमाणावर हेंच घडतें. शेवाळ मेलें म्हणजे तळें निवळलें, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति निराळी आहे.

शेवाळाची वाढ मुख्यत्वें नत्र व स्फुरद या द्रव्यांवर होते. तें मेलें कीं या द्रव्यांचा कांहीं भाग थोड्याच दिवसांत पाण्यांत मिसळतो आणि नव्या शेवाळाचें अन्न बनतो. उरलेला भाग मृत शेवाळाबरोबर तळाशीं बसतो. तेथें सूक्ष्म जंतु तें कुजवितांना पाण्यांतील प्राणवायु खर्चून टाकतात. मासे गुदमरतात तेहि यामुळेंच. प्राणवायु असेपर्यंत गाळांतील लोह स्फुरदास धरून ठेवतें. तो संपला म्हणजे ही पकड सुटते व स्फुरद पुन्हां पाण्यांत येतो. इंग्लंडच्या सरोवरप्रांतांतील गाळावर प्रयोग करून क्लिफर्ड मॉर्टिमर यांनीं ही क्रिया १९४१-४२ सालीं सविस्तर दाखवून दिली.

तिचा प्रत्यय स्वीडनमधील व्हेक्शो या गांवास आला. तेथील ट्रुमेन नांवाच्या उथळ तळ्यांत अनेक वर्षें सांडपाणी सोडण्यांत येत असे. १९५८ च्या सुमारास तें बंद करण्यांत आलें. आतां तळें आपोआप सुधारेल, ही अपेक्षा साहजिक होती. परंतु दहा वर्षें लोटलीं तरी पाणी हिरवें तें हिरवेंच! बाहेरून येणारी घाण थांबली होती. तळाचा गाळ मात्र शेवाळास पोसतच होता. अखेर लुंड विद्यापीठाचे स्वेन ब्यर्क यांच्या मार्गदर्शनाखालीं १९७० व १९७१ सालीं सुमारें एक मीटर जाडीचा गाळ उपसण्यांत आला, तेव्हां कुठें पाण्यांतील स्फुरद झपाट्यानें उतरला व शेवाळाचा जोर ओसरला. उपसलेला गाळ सुकवून जमिनीस खत म्हणून उपयोगी पडला.

संसारांतील अनुभवहि असाच नाहीं काय? नवें कर्ज काढणें थांबविलें, एवढ्यानें जुनें फिटत नाहीं. तळ्याचेंहि तसेंच आहे. म्हणून घाण पाण्यांत जाऊं न देणें हाच खरा शहाणपणा. कारण एकदां तळाशीं बसलेलें हें देणें पुढच्या पिढीस फेडावें लागतें.