परसातली कोंबडी कशी निवडावी?

परसात चार-सहा कोंबड्या असल्या, की रोजची अंडी घरचीच होतात. थोडी विकली, तर वह्यांचा खर्चही निघतो. म्हणून काही जण हौसेने पिल्ले आणतात. पण बऱ्याचदा दोन महिन्यांत निम्मी पिल्ले दगावतात आणि खुराडे ओस पडते. नवा माणूस विचारतो, "कोणती कोंबडी जास्त अंडी देते?" त्याने आधी विचारायला हवे, की आपल्या परसात कोणती कोंबडी तग धरेल?

दुकानात मिळणारी पांढरी अंडी लेगहॉर्न वंशाच्या कोंबडीची असतात. इटलीतील लिव्होर्नो बंदराला इंग्रज लोक लेगहॉर्न म्हणत. त्यावरून हे नाव पडले. ही कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. आकडा मोह पाडणारा आहे. परंतु ही अंडी पिंजऱ्यात राहून, तयार खाद्य खाऊन दिलेली असतात. मोकळ्या परसात ती तेवढी अंडी देत नाही. शिवाय तिचा पांढराशुभ्र रंग घारीला दुरूनच दिसतो.

गावरान कोंबडी वर्षाला जेमतेम ५० ते ६० अंडी देते. पण ती आपले पोट आपणच भरते. सांडलेले दाणे, किडे, वाळवी, भाजीची देठे असे काहीही तिला चालते. मुंगूस दिसले, की ती उडून झाडावर बसते. ती खुडूक झाली, की २१ दिवस अंड्यांवर बसून राहते. पुढे पिल्लांसाठी ती घारीच्याही अंगावर धावून जाते.

शास्त्रज्ञांनी या दोहोंच्या मधल्या कोंबड्या तयार केल्या आहेत. वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या, तर गिरिराज बंगळूरुची. त्यांची पिसे रंगीत असल्यामुळे त्या पाचोळ्यात चटकन दिसत नाहीत. वनराज वर्षाला सुमारे १०० अंडी देते आणि वजनालाही चांगली भरते. ग्रामप्रिया दीडशेच्या पुढे अंडी देते. मात्र या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. खुडूक कोंबडी अंडी देणे थांबवते, म्हणून निवड करताना ती सवयच कमी केलेली असते. त्यामुळे पिल्ले दर वेळी विकत आणावी लागतात किंवा अंडी गावरान कोंबडीखाली ठेवावी लागतात. माझ्या मते पहिल्या खेपेला चार ग्रामप्रिया आणि दोन गावरान कोंबड्या ठेवणे सोयीचे.

असील हे नाव तुमच्या ओळखीचे असेल. अरबीत 'असील' म्हणजे चांगल्या कुळातला. आपला 'अस्सल' हा शब्दही त्याच मुळातून आला आहे. हा पक्षी देखणा खरा, पण फार भांडखोर. शिवाय अंडी थोडी. मध्य प्रदेशातील झाबुआची कडकनाथ तिच्या काळ्या मांसासाठी प्रसिद्ध आहे. तिलाही अंडी कमीच. हे पक्षी नवशिक्याने सुरुवातीलाच घेऊ नयेत.

अंड्यासाठी कोंबडा लागतोच असे नाही. पिल्ले हवी असतील, तरच तो ठेवावा. दाट वस्तीत त्याच्या पहाटेच्या बांगेने शेजारी वैतागतात!

एक दिवसाच्या पिल्लांना काही आठवडे दिव्याची ऊब द्यावी लागते. हे जमणार नसेल, तर महिना-दीड महिन्याची पिल्ले घ्यावीत. विकत घेताना लस दिली आहे का, हे जरूर विचारा. मानमोडी या रोगाची साथ आली, की लस न दिलेल्या कोंबड्या पटापट मरतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीची माहिती मिळते.

खुराडे जमिनीपासून थोडे उंच, कोरडे आणि हवेशीर असावे. दाराला घट्ट कडी हवी, कारण मांजर बहुधा रात्री येते. नव्या कोंबड्यांना पहिले काही दिवस खुराड्यातच कोंडून दाणापाणी द्यावे. जागा ओळखीची झाली, की बाहेर सोडावे. मग दिवेलागणीला त्या आपणहून परततात. त्या वेळी मोजून घ्याव्यात आणि मगच कडी लावावी.