सिलिंडर शीर्षाचे गॅस्केट व स्टड

अंतर्ज्वलन-एंजिनाचा सिलिंडर ठोकळा आणि त्यावर बसणारे शीर्ष यांच्यामधील सांधा वायू, पाणी व तेल यांना अभेद्य राहावा म्हणून त्या दोहोंमध्ये जो पातळ थर घालतात, त्यास शीर्ष-गॅस्केट म्हणतात. शीर्ष ठोकळ्यावर आवळून धरणारे, दोन्ही टोकांना आटे पाडलेले पोलादी दांडे म्हणजे स्टड होत. गॅरेजमध्ये गॅस्केटला सर्रास ‘हेड पॅकिंग’ असे संबोधतात. नेहमीच्या मोटारगाडीत या दोन भागांची निवड कारखानदाराने केलेली असते आणि दुरुस्तीच्या वेळी तेच भाग पुन्हा बसवितात. शर्यतीसाठी किंवा अधिक शक्तीसाठी एंजिनाची फेरबांधणी करताना मात्र ही निवड बांधणाऱ्यावर येते. ती चुकली, तर शीतक पाणी सिलिंडरात उतरून दट्ट्याखालील संयोगदांडा वाकण्यापर्यंत हानी होऊ शकते.

हा सांधा एंजिनातील सर्वांत अवघड सांध्यांपैकी एक आहे. त्याच्या एका बाजूस ज्वलनाच्या क्षणी २,०००° से.हून अधिक तापमान असलेले वायू, त्यापासून काही मिमी. अंतरावर सु. ९०° से. तापमानाचे शीतक पाणी आणि त्याच्या शेजारून दाबाखाली शीर्षाकडे चढणारे वंगण तेल असते. दर मिनिटास हजारो वेळा दाब चढतो व उतरतो. शीर्ष ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचे व ठोकळा बिडाचा असल्यास तापल्यावर दोन्ही सारखे प्रसरण पावत नाहीत. त्यामुळे शीर्ष ठोकळ्यावर किंचित घसरू पाहते. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

प्रारंभीच्या काळात या अडचणीवरचा सरळ उपाय म्हणजे सांधाच न ठेवणे हा होता. बेंटली कंपनीच्या ३ लिटर मोटारीचे (१९२१) आणि बुगाटी कंपनीच्या टाइप ३५ या शर्यती मोटारीचे (१९२४) शीर्ष ठोकळ्यासह एकसंध ओतलेले असे. अमेरिकेतील ऑफेनहाउझर एंजिनातही हीच रचना होती. शीर्ष उडण्याचा प्रश्नच नसल्याने टर्बोभरणाचा (निष्कास वायूंवर फिरणाऱ्या झोतयंत्राने सिलिंडरात जादा हवा कोंबण्याचा) दाब त्यात बराच वाढविता आला व इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत या एंजिनाने १९७६ पर्यंत जिंकली. तथापि एकसंध ओतकामात झडपा बसविणे व घासणे अत्यंत जिकिरीचे असते. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीने (१९०८) सुटे शीर्ष मोठ्या प्रमाणावर रूढ केले आणि गॅस्केट हा मोटारगाडीचा अपरिहार्य भाग झाला.

पकड-बल : गॅस्केट वायूचा दाब अडवून धरते, हा समज अपुरा आहे. दाब अडवितात ते स्टड. गॅस्केटाचे काम दोन पृष्ठांमधील सूक्ष्म उंचसखलपणा भरून काढणे एवढेच असते आणि तेही शीर्ष ठोकळ्यावर घट्ट दाबलेले असेल तोवरच शक्य होते. म्हणून निवडीचा विचार गॅस्केटापासून नव्हे, तर स्टडपासून सुरू करावयास हवा. बाजारात मात्र बहुधा याच्या उलट घडते. महागडे गॅस्केट विकत घेऊन ते जुन्याच बोल्टांखाली आवळले जाते.

प्रत्यक्ष उदाहरणादाखल मित्सुबिशीचे ४जी६३ हे चार सिलिंडरांचे एंजिन घेता येईल. लॅन्सर एव्होल्यूशन या मोटारींत ते १९९२ ते २००७ या काळात टर्बोभरणासह वापरले गेले. ठोकळा बिडाचा, शीर्ष ॲल्युमिनियमाचे, सिलिंडराचा व्यास ८५ मिमी., दट्ट्याची धाव ८८ मिमी. आणि शीर्ष धरण्यासाठी दहा बोल्ट अशी त्याची रचना आहे. सिलिंडराच्या छेदाचे क्षेत्रफळ सु. ५६.७ चौ. सेंमी. येते. ज्वलनाचा परमोच्च दाब १०० किग्रॅ./चौ. सेंमी. धरला, तर शीर्षास वर ढकलणारे बल सु. ५,७०० किग्रॅ. होते. टर्बोभरण वाढवून हा दाब १५० किग्रॅ./चौ. सेंमी. केला, तर तेच बल ८,५०० किग्रॅ.वर जाते.

याच्या विरुद्ध बोल्टांची बाजू अशी : ११ मिमी. व्यास व १.२५ मिमी. अंतराल असलेल्या आट्यांचे परिणामी छेदक्षेत्र सु. ७६ चौ. मिमी. असते. १०.९ वर्गाच्या पोलादाचे प्रमाणित भारसह प्रतिबल (कायमची लांबी न वाढता पेलता येणारे प्रतिबल) सु. ८५ किग्रॅ./चौ. मिमी. आहे. त्याच्या ७५ टक्के इतका पूर्वताण दिल्यास एक बोल्ट सु. ४,८०० किग्रॅ. बलाने शीर्ष दाबतो. दहा बोल्ट चार सिलिंडरांत वाटले, तर प्रत्येक सिलिंडराच्या वाट्यास अडीच बोल्ट, म्हणजे सु. १२,००० किग्रॅ. येतात. पहिल्या दाबास ही पकड दुपटीहून थोडी अधिक आहे. दुसऱ्या दाबास ती जेमतेम १.४ पट उरते आणि गॅस्केटाच्या कडांना लागणारा दाब त्यातूनच भागवावयाचा असतो. सु. १२६ किग्रॅ./चौ. मिमी. स्थितिस्थापक मर्यादा असलेल्या क्रोमियम-निकेल-मॉलिब्डेनम पोलादाचे त्याच व्यासाचे स्टड घेतल्यास एका सिलिंडराच्या वाट्यास सु. १८,००० किग्रॅ. येतात व पूर्वीचे दुपटीचे प्रमाण पुन्हा साधते. हा हिशोब ढोबळ आहे. त्यात शीर्षाची लवचिकता धरलेली नाही, परंतु निवडीची दिशा दाखविण्यास तो पुरेसा आहे.

पूर्वताण वायूच्या बलाहून पुरेसा अधिक असेल, तर प्रत्येक स्फोटागणिक स्टडवरील ताण अगदी थोडा बदलतो. तो कमी पडला, की शीर्ष क्षणभर उचलले जाते, स्टडवर पूर्ण बदलता भार येतो व तो शिणून तुटण्याचा संभव वाढतो. घट्ट आवळलेला स्टड लवकर तुटेल ही भीती म्हणूनच बहुतांशी निराधार आहे. सैल राहिलेला स्टड अधिक धोक्याचा असतो.

स्टड व बोल्ट : बोल्ट आवळताना तो ठोकळ्यातील आट्यांत फिरत असतो. त्यामुळे त्यात ताणाबरोबर पीळही निर्माण होतो व ठोकळ्याचे आटे घासले जातात. स्टड आधी नुसत्या हाताने ठोकळ्यात बसवून वरच्या टोकास नट आवळतात. फिरतो तो नट व दांडा मुख्यत्वे सरळ ताणला जातो. ठोकळ्यातील टोकास जाड आटे व नटाकडील टोकास बारीक आटे ठेवल्यास बीड किंवा ॲल्युमिनियम यांचे आटे सुरक्षित राहतात आणि आवळण्याचे नियंत्रणही सूक्ष्म होते. अनेक आधुनिक एंजिनांतील मूळ बोल्ट स्थितिस्थापक मर्यादेपलीकडे ताणून बसवावयाचे असतात. त्यांची पकड एकसारखी येते, हा त्यांचा गुण होय. परंतु ते कायमचे लांबलेले असल्याने सामान्यतः पुन्हा वापरू नयेत. शर्यतीचे एंजिन वरचेवर उघडावे लागत असल्याने तेथे स्टडच सोयीचे ठरतात.

स्टडची लांबीही महत्त्वाची असते. वरील १०.९ वर्गाच्या पोलादाचा १०० मिमी. लांबीचा भाग त्या पूर्वताणाखाली सु. ०.३ मिमी. लांबतो. गॅस्केट नंतर ०.०३ मिमी. बसले, तर पकड सु. १० टक्क्यांनी घटते. तोच भाग केवळ ४० मिमी. असता, तर घट २५ टक्के झाली असती. लांब स्टड चांगल्या स्प्रिंगेसारखे वागतात ते यामुळे. याच्या उलट, ॲल्युमिनियमाचे शीर्ष तापते तेव्हा ते पोलादाहून जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ८०° से. तापमानवाढीत १०० मिमी. जाडीस हा फरक सु. ०.०९ मिमी. पडतो व पकड आपोआप वाढते. ही वाढ सोसण्याइतका अवकाश पूर्वताण ठरविताना राखावा लागतो. पॉर्शे कंपनीने हवेने थंड होणाऱ्या ९११ मालिकेतील काही एंजिनांत ॲल्युमिनियमाच्या जवळपास प्रसरण पावणाऱ्या डिलाव्हार या मिश्रधातूचे स्टड वापरले. कल्पना शास्त्रशुद्ध होती, परंतु गंजाच्या खड्ड्यांपासून भेगा सुरू होऊन यांपैकी बरेच स्टड तुटले. अत्युच्च बलाच्या पोलादांबाबतही हाच इशारा लागू पडतो. जितके पोलाद कठीण, तितके ते दमट हवा व घामट बोटे यांना अधिक भिते. हायड्रोजन शिरून ठिसूळ झालेला स्टड बसविल्यानंतर काही दिवसांनी, एंजिन बंद असतानाही, तुटू शकतो. दररोज वापरावयाच्या मोटारीस असे पोलाद न घेणेच श्रेयस्कर.

स्टडचा व्यास वाढविणे हा आणखी एक मार्ग आहे. ११ मिमी.ऐवजी १२ मिमी. व्यास घेतल्यास छेदक्षेत्र पाचव्या हिश्शाने वाढते. त्यापुढे ठोकळ्यातील भोकाभोवतालची भिंत पातळ होऊन तडा पाण्याच्या कोठीपर्यंत जाण्याचा धोका असतो. शिवाय पकड वाढली, की सिलिंडराचा गोलपणाही बिघडतो. या कारणाने उच्च शक्तीच्या एंजिनाचे सिलिंडर घासताना ठोकळ्यावर शीर्षाऐवजी जाड पोलादी पाट त्याच स्टडांनी व तेवढ्याच बलाने आवळतात आणि मग घासकाम करतात.

आवळणे : टॉर्क-पाना पकड मोजत नाही, नट फिरविण्यास लागणारे पीळ-परिबल मोजतो. त्यातील सु. नऊ-दशांश भाग नटाखालील व आट्यांमधील घर्षणात खर्ची पडतो, उरलेला एक-दशांश स्टड ताणतो. वंगण बदलले, की तेच परिबल देऊनही पकड मोठ्या प्रमाणात बदलते. साध्या तेलासाठी दिलेले परिबल मॉलिब्डेनमयुक्त वंगणावर वापरल्यास स्टड अति ताणला जातो व उलट केल्यास सैल राहतो. म्हणून स्टडच्या कारखानदाराने सांगितलेले वंगण व आकडा यांची जोडी फोडू नये. एंजिनाच्या जुन्या पुस्तिकेतील आकडा येथे निरुपयोगी असतो. आवळणी मध्यापासून बाहेर, तीन किंवा अधिक टप्प्यांत करतात. बंद तळाच्या भोकात तेल वा पाणी साचलेले असेल, तर स्टड आत जाताना त्या द्रवाचा दाब ठोकळाच फोडतो. ही चूक गॅरेजमध्ये वाटते तितकी विरळा नाही.

गॅस्केटाचे प्रकार : तांब्याच्या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टस दाबून केलेले गॅस्केट दीर्घकाळ प्रचारात होते. ॲस्बेस्टसाच्या धुळीने फुप्फुसाचे असाध्य रोग होतात हे सिद्ध झाल्यावर त्याची जागा सच्छिद्र पोलादी पत्र्यावर ग्रॅफाइट वा इतर तंतू दाबलेल्या संमिश्र गॅस्केटांनी घेतली. हे गॅस्केट मऊ असल्याने थोड्या खडबडीत पृष्ठावरही चालते. परंतु ते काळाने दबते व त्यामुळे पुन्हा आवळावे लागू शकते. १९९० नंतरच्या दशकात बहुस्तरी पोलादी गॅस्केट सर्वत्र पसरले. त्यात स्प्रिंगेसारख्या कठीण केलेल्या अगंज पोलादाचे तीन किंवा अधिक पातळ पत्रे असतात. सिलिंडराभोवती त्यांवर उठविलेल्या वळ्या शीर्षाच्या हालचालीबरोबर मिटतात व उघडतात आणि बाहेरील पृष्ठांवर रबरासारख्या बहुवारिकाचा अगदी पातळ लेप असतो. हे गॅस्केट जवळजवळ दबत नाही. मात्र त्यास पृष्ठ गुळगुळीत लागते. सरासरी खडबडीतपणा सु. १.२५ मायक्रोमीटरहून कमी, शक्य तर त्याच्या निम्मा असावा. जुने गॅस्केट हातातील चक्रीने खरवडून काढलेल्या शीर्षावर बहुस्तरी गॅस्केट बसविणे म्हणजे ते वाया घालविणे होय.

तिसरा प्रकार भरीव तांब्याच्या पत्र्याचा. ठोकळ्यात सिलिंडराभोवती खाच पाडून तीत अगंज पोलादाची तार बसवितात. ती वर उरलेल्या कडेने मऊ तांब्यात रुतते. अतिशय उच्च दाबास हा सांधा टिकतो, पण पाण्याच्या मार्गांभोवती तो पाझरतो. काही सेकंदांच्या सरळ शर्यतीस तो योग्य आहे, रस्त्यावरील मोटारीस नाही.

जाडीची निवड संपीडन गुणोत्तराशी निगडित असते. ४जी६३ च्या ज्या आवृत्त्यांत हे गुणोत्तर ८.८ आहे, त्यांत गॅस्केट ०.५ मिमी.ने जाड घेतल्यास ते सु. ८.५ होते. अपस्फोट (मिश्रण क्रमाने न जळता एकदम पेटणे, म्हणजे एंजिनाचा ‘ठोका’) टाळण्यासाठी काही जण हा मार्ग पत्करतात. परंतु दट्ट्या व शीर्ष यांच्या कडेची फट वाढल्याने मिश्रणाची घुसळण मंदावते आणि ठोका कमी होण्याऐवजी वाढूही शकतो. गुणोत्तर दट्ट्याच्या आकाराने ठरवावे व गॅस्केट शक्य तितके पातळ ठेवावे, हे अधिक बरे. गॅस्केटाचे भोक मात्र सिलिंडराहून किंचित मोठे असावे. नाहीतर आत डोकावणारी कड तापून लाल होते व ठोक्यास निमित्त मिळते.

केवळ एक भाग बदलून हा सांधा सुधारत नाही, हे रोव्हर कंपनीच्या के-मालिका एंजिनाच्या इतिहासावरून दिसते. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या या ॲल्युमिनियम एंजिनात शीर्षापासून तळापर्यंत जाणारे दहा लांब बोल्ट सर्व थर एकत्र धरीत. मोठ्या १.८ लिटर आवृत्तीत गॅस्केट जाण्याच्या तक्रारी गाजल्या. पुढील उपायांत बहुस्तरी गॅस्केट, शीर्षाची जागा निश्चित करणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांऐवजी पोलादी खुंट्या आणि बोल्टांचे आटे ज्यात बसतात ती तळाची अधिक भक्कम पट्टी, अशा तिन्ही गोष्टी आल्या.

उघडलेले गॅस्केट टाकून देण्यापूर्वी तपासले असता पुढील निवडीसाठी बराच बोध होतो. वळीवरून बाहेर गेलेले काजळीचे पट्टे शीर्ष उचलले गेल्याचे दाखवितात. तेथे पकड वाढवावी लागते. वळी एका जागी चेपलेली वा फाटलेली असल्यास कारण बहुधा ठोका असतो. अशा वेळी अधिक बळकट स्टड घातल्यास गॅस्केट वाचते व दट्ट्याच्या कड्यांखालील धातू फुटतो. इलाज इंधनमिश्रण व प्रज्वलनाची वेळ यांत शोधावयास हवा. पाण्याच्या छिद्रांभोवती धातू खाल्लेला आढळला, तर दोष शीतकाचा असतो आणि लेप एका दिशेने पुसलेला असेल, तर पृष्ठ खडबडीत असल्याचा किंवा शीर्ष घसरत असल्याचा तो पुरावा होय.