जबलपूरची जोंगा

'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या इंग्रजी नामावलीतील अक्षरे जुळवून 'जोंगा' हे नाव तयार झाले. जपानच्या निसान कंपनीच्या 'पॅट्रोल' या गाडीवर आधारलेले हे वाहन जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून सुमारे तीन दशके भारतीय सेनेसाठी तयार होत होते. त्याचे इंजिन पेट्रोलवर चालणारे, सहा सिलिंडरांचे आणि ३,९५६ घन सेंटिमीटर क्षमतेचे होते. चांगल्या रस्त्यावर मागील दोनच चाके गाडी पुढे ढकलीत. चिखलात ती जागच्या जागी फिरू लागली, की चालक एका दांड्याच्या साह्याने इंजिनाची शक्ती पुढील चाकांनाही जोडीत असे आणि गाडी बाहेर निघे.

सेनेने निवृत्त केलेल्या अनेक जोंगा लिलावातून नागरिकांच्या हाती आल्या. परंतु सैनिकी कामात जे इंजिन तिचे सामर्थ्य ठरले, त्याचाच पेट्रोलखर्च खाजगी मालकाला पेलवेना. म्हणून कित्येकांनी तिला डिझेल इंजिन बसविले. या बदलामुळेच बऱ्याच जोंगा मोडीत निघण्यापासून वाचल्या. मूळ इंजिनाच्या मात्र दुर्मिळ झाल्या. जुने वाहन जतन करू पाहणाऱ्याला म्हणूनच आधी ठरवावे लागते, की राखावयाचे ते तिचे मूळ रूप, की तिचे चालणे.